काही त्रास?

५ ऑक्टोबर

घर मिळालं, आणि माझ्या अटींवर मिळालं. सकाळी बसमधून उतरले तेव्हा एजंटने मला ऐकवलं होतं, की पर्यटकांच्या भागाला लागून शांत आणि परवडणारी जागा मागणं म्हणजे टकलावर भांग पाडायला सांगणं. त्याच्या डोक्याकडे पाहता ही उपमा त्याला फार लांबून आणावी लागली नसावी. त्याने दाखवलेल्या सगळ्या जागा मी दारातूनच नाकारल्या. एकीच्या खाली गाणं-बजावणं, दुसरीच्या खिडकीतून मनोऱ्याची घंटा थेट कानात, तिसरीत आधीच्या पाहुण्यांनी भिंतीवर आपापली नावं आणि बदाम कोरून ठेवलेले.

पर्यटक ही जमात मला कधी कळली नाही. स्वतःच्या गावातलं वाचनालय कुठल्या रस्त्यावर आहे हे ज्यांना ठाऊक नसतं, ते इतक्या लांब येऊन मनोऱ्याकडे पाठ करतात आणि स्वतःचे फोटो काढतात. चाकांच्या बॅगा दगडी फरशीवरून खडखडत नेतात, उंच छत्री धरलेल्या बाईमागे बदकांसारखे चालतात आणि ती सांगते त्यातला एक शब्द ऐकत नाहीत. पुढच्या महिन्यापासून ती छत्रीवाली बाई माझी धाकटी बहीण असणार आहे, म्हणून एवढ्यावर थांबते.

जागा तपासायची माझी एक पद्धत आहे. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी जन्म काढला. खोल्या मी कधी डोळ्यांनी तपासल्या नाहीत. दार उघडून काय दिसणार, पांघरुणं? जिन्यात घटकाभर उभं राहिलं की कोण जागं आहे, कोण रडतंय, कुणी चोरून स्टोव्ह पेटवलाय, सगळं कानाला कळतं. आजही तेच केलं. एजंटला निरोप दिला, कालव्यावरचा पूल ओलांडला आणि एकेका गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत गेले. या गल्लीत शिरले आणि मागचा गोंगाट दार लोटल्यासारखा बंद झाला. मनोरा दिसत होता, घंटाही हलताना दिसत होती. ऐकू मात्र काही येत नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं.

अरुंद, तीन मजली घर. खाली मालकीण, वर भाडेकरू. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, पूर्वेची खिडकी, भिंतीत फळ्या. भाडं ऐकून मी पुन्हा विचारलं, तेव्हा मालकिणीने तेवढंच पुन्हा सांगितलं. एकच खटकलं. आधीच्या भाडेकरूचा इस्त्री केलेला कोट खुंटीला तसाच आहे आणि फळीवर त्याचा चष्मा. मास्तर होते, गेले, एवढंच मालकीण म्हणाली. चष्मा विसरून जाणाऱ्या माणसाने मुलांना काय शिकवलं असेल ते देव जाणे.

धाकटी महिनाअखेरीस येईल. तिचे यजमान गेले, दिरांनी घर विकायला काढलं, आणि निवृत्तीनंतर माझंही वसतिगृहातलं क्वार्टर सुटलं. दोन बहिणी आणि घर एकही नाही, अशी आमची अवस्था होती. आता आहे.

७ ऑक्टोबर

झोप उत्तम. शेजाऱ्यांची ओळख झाली, म्हणजे मी करून घेतली. स्वतःहून बोलायला कुणी येत नाही.

समोरच्या खोलीत शिलाईवाली आहे. हॉटेलांचे पडदे आणि वेटरांचे गणवेश शिवते. तिच्या छताला गळती आहे. तिने खाली टब ठेवलाय आणि मशीन कोपऱ्यात सरकवलंय. शेजारी एक म्हातारे निवृत्त कारकून राहतात. त्यांचं नाव मी खोकलेबुवा ठेवलं आहे, कारण पहाटेपासून त्यांचं तेच चालतं. जिन्याची एक पायरी मोडलेली आहे. ती दुरुस्त करून घ्यावी असं कुणाला सुचलेलं नाही. सगळे तिच्यावरून सवयीने टांग टाकून जातात, खोकलेबुवासुद्धा, या वयात.

मी शिलाईवालीला विचारलं की मालकिणीला सांगत का नाही. ती म्हणाली, चालतंय की, बाई. या घराचं हे ब्रीदवाक्य दिसतं. वसतिगृहातही अशा मुली असत. घासात खडा लागला तरी पाण्याबरोबर गिळतील, पण हात वर करणार नाहीत. मला त्यांची कीव कधी आली नाही. रागच यायचा.

आणि गंमत म्हणजे मालकीण विचारते. रोज सकाळी, प्रत्येक दारावर बोटाचं पेर वाजवून: ‘काही त्रास?’ बाईचा आवाज मऊ, चेहरा धुतलेल्या ताटलीसारखा. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे ‘काही नाही, काही नाही’ म्हणून मोकळे होतात. आज माझ्या दाराशी आली तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की मोरीतला नळ टपटपतो, डोकं उठतं. तिने विचारलं, कशाचा त्रास, आवाजाचा? मी म्हटलं, मग काय रंगाचा? ती म्हणाली, ‘बरं. आता नाही होणार.’

मागे शिलाईवाली दारात उभी होती. मी कुणाच्या कानफटात मारल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली.

९ ऑक्टोबर

नळाचा आवाज कालच थांबला. सांगितलं की होतं, एवढी साधी गोष्ट.

एक विचित्र आहे, ते लिहून ठेवते. नळ गळतोच आहे. तोटीशी थेंब फुगतो, सुटतो, बादलीतल्या पाण्यावर वर्तुळ उठतं. आवाज नाही. मला वाटलं आपलेच कान गेले. चुटकी वाजवली, ऐकू आली. बादलीला टिचकी मारली, ती खणखणली. प्लंबरने काही जाळी बसवली असेल. ती मला दिसली नाही, पण प्लंबरच्या कामात दिसण्यासारखं असतं तरी काय.

१२ ऑक्टोबर

समोरच्या बेकरीवाल्याचा कुत्रा दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचा. ग्राहकाने पाव घेतला हा त्या कुत्र्याच्या लेखी गुन्हा होता. परवा मालकिणीच्या कानावर घातलं. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून मान उडवतो, जबडा उघडतो आणि गप्प असतो. चांगली शिस्त लावली. बेकरीवाल्याला तसं म्हटलं, तर तो खाली मान घालून पाव बांधत राहिला. आभार मानायची पद्धत या गल्लीत नाही, आणि कौतुक घ्यायचीही.

खोकल्याबद्दलही बोलले. आजारी माणसाची तक्रार करायला मी काही राक्षस नाही. मी म्हटलं, त्यांना औषध-पाणी बघा, पहाटे आम्हाला झोप नाही. तिने विचारलं, कोणाचा त्रास? म्हटलं, शेजारच्यांचा, खोकल्याचा. ‘बरं. आता नाही होणार.’ कालपासून भिंतीपलीकडे सामसूम आहे. बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं, आणि एक नवखी बाई येऊन चार दिवसांत ते घडवून आणते.

१६ ऑक्टोबर

काल संध्याकाळी धाकटीचा फोन आला. फोन कसला, जाहीर सभा. संग्रहालयात पर्यटकांना जे सांगायचं ते तिने पाठ केलंय आणि सराव माझ्यावर करते. राणीचा जिना, राणीचा आरसा, राणीचं अमुक. मध्येच स्वतःच्याच विनोदावर हसते. फोन हातभर लांब धरला तरी जिन्यात घुमत होतं. लहानपणापासून हे असंच. आई म्हणायची, हिला पाळण्यातच कुणीतरी भोंगा दिलाय.

तसं पाहिलं तर यजमान गेल्यावर वर्षभर ती धड बोललीच नव्हती. ताटावर बसायची आणि उठायची. या नोकरीचा अर्ज मीच तिच्या नावाने भरला आणि मुलाखतीला ढकलत नेलं. तिथे तिला चार ओळी वाचायला दिल्या आणि बाई पुन्हा बोलायला लागली. आवाजावरच ती नोकरी आहे. बाकी तिला येतं काय?

आज मालकीण दाराशी आली तेव्हा मी खुशीत होते. म्हटलं, आता त्रास एकच उरला, धाकट्या बहिणीचा आवाज. महिनाअखेरीस तुम्हा सगळ्यांना कळेलच. आपल्या माणसाबद्दल बोलतात तसं, हसत म्हटलं. ती हसली नाही. कोणाचा म्हणालात? म्हटलं, बहिणीचा हो, धाकट्या. आवाजाचा.

‘बरं. आता नाही होणार.’

विनोदबुद्धी शून्य.

१८ ऑक्टोबर

काल आणि आज धाकटीचा फोन आला. उचलला. पलीकडे काही नाही, श्वाससुद्धा नाही. फोनवरचं घड्याळ पुढे सरकत होतं, म्हणजे फोन लागलेला होता. पैसे घ्यायला या फोनवाल्या कंपन्या तत्पर, बाकी आनंद.

दुपारी जिन्याकडे जाताना खोकलेबुवांचं दार अर्धवट उघडं दिसलं. ते खाटेवर वाकून बसले होते. चेहरा जांभळा, तोंड उघडं, खांदे गदागदा हलत होते. त्यांची टाच खाटेच्या पायावर आपटत होती. ते ठक ठक मला ऐकू येत होतं. खोकला ऐकू येत नव्हता.

मी पाणी दिलं. त्यांनी हात हलवून खूण केली, काही नाही, काही नाही. आणि हसले. सभ्य माणूस.

मग मी मोरीत जाऊन बराच वेळ नळाकडे पाहत उभी राहिले.

१९ ऑक्टोबर

धाकटीचा निरोप आला, लिहून. परवा पाठांतर करताना वाक्याच्या मध्येच आवाज गेला. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. संग्रहालयाला अजून कळवलेलं नाही, एक तारखेला हजर व्हायचंय. खाली लिहिलं होतं: ताई, नोकरी जाईल गं. मी फोन करते तेव्हा तू बोल ना. मी नुसती ऐकते.

फोन केला. तिच्या नावाने ओरडले, थंड पाणी पितेस, गळ्याला काही बांधत नाहीस, म्हणून. ती ऐकत होती. असावी.

२० ऑक्टोबर

शिलाईवालीकडे जाऊन बसले. या घरात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेले. बोलताना तिने मशीन थांबवलं नाही. खाली ऐकू जाऊ नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

ती म्हणाली, बाई, तिला विचारायची सवय आहे. आपल्याला सांगायची नसावी. ज्याचं नाव घ्याल ते जातं. मी विचारलं की हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं. ती म्हणाली, सांगणं म्हणजे तिचीच तक्रार झाली की. आणि शिकलेल्या बाई आहात, वाटलं नळावरून कळेल. नळावरून मला कळलं नव्हतं.

माझ्या खोलीतले मास्तर माझ्यासारखेच होते म्हणे. रोज काहीतरी सांगायचे. एकदा बायकोच्या गुणगुणण्याबद्दल बोलून गेले. मग हातापाया पडले, ओरडले, भांडले. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. ज्याने तक्रारी केल्या त्याचीच तक्रार झाली, की त्याने घालवलेलं सगळं परत येतं. बायको गुणगुणतच भावाकडे निघून गेली. मास्तर कुठे गेले, म्हणून मी विचारलं. शिलाईवालीने दोन्ही उघड्या दारांतून माझ्या खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं, आणि मशीनचा वेग वाढवला.

अडाणी बडबड. पण रात्रभर—

२१ ऑक्टोबर

सकाळच्या फेरीला खोकलेबुवांनी दार उघडलं नाही.

जमिनीवर होते. खुर्ची उलटलेली. एक हात माझ्या बाजूच्या भिंतीकडे. भिंत कागदासारखी पातळ आहे, मी पलीकडे चहा पीत बसले होते. टाच आपटायला त्यांना खाट सापडली नसावी. डॉक्टरांनी सांगितलं, कफ अडकून गुदमरले, बराच वेळ खोकले असतील, कुणीच कसं ऐकलं नाही? सगळे जमिनीकडे बघत होते. कुणी माझं नाव घेतलं नाही.

मालकीण उंबऱ्यात आली आणि सवयीने त्या खोलीला विचारलं, काही त्रास?

त्या माणसाने माझ्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मी पहाटे रेडिओ लावते. काढू शकला असता.

२३ ऑक्टोबर

मालकीण दुपारी बाजारात गेली तेव्हा खाली उतरले. तिच्या दाराला कान लावला. आयुष्यभर हेच केलंय.

आत बाजार भरला होता. नळ टपटपत होता. कुत्रा भुंकत होता. मनोऱ्याची घंटा, कुणाचं तान्हं मूल, झाडू, भांडी, दोन बायकांचं भांडण. खोकला. त्यांना काल नेलं, आणि खोकला इथे होता, तोच, शेवटी घशात अडकणारा.

दाराला कुलूप नव्हतं. उघडलं. खोली रिकामी. मधोमध एक खुर्ची, तिची गादी बसून बसून खड्डा पडलेली. आवाज हवेतून येत होते, सगळे एकदम. म्हणजे ही बाई दुपारभर इथे बसून ऐकत असते. अख्ख्या गल्लीला मुकं करून स्वतः जत्रेत बसते, आणि भाड्याची पाटी लावते शांत वस्ती म्हणून.

मग ती. राणीचा जिना, राणीचा आरसा. हसली. थांबली. आणि पाठांतरात नसलेलं म्हणाली, ताई? ताई, आहेस का?

मी आहे म्हणून ओरडले. तिला ऐकू गेलं नाही.

२४ ऑक्टोबर

मालकिणीला तोंडावर सांगितलं. ते थट्टेत बोलले होते, परत करा. ती ऐकत राहिली, मी दम खाईपर्यंत. मग विचारलं, काही त्रास? मी म्हटलं, आहे. या शांततेचा त्रास आहे.

ती म्हणाली, शांतता? ती तर तुम्ही निवडून घेतलीत, बाई.

धाकटीला कळवलं, येऊ नकोस. उत्तर आलं की दिरांनी किल्ल्या घेतल्या, ती निघाली आहे.

२६ ऑक्टोबर

आली. दारात उभी राहून तोंड उघडलं. ओठांचा आकार ‘ताई’चा.

मिठी मारली तेव्हा कानाशी काही नाही. हुंदका दिला असणार, पाठ हलली. आता हातांनी बोलते. हातसुद्धा तसेच, थांबत नाहीत. पुलावर कुणा पर्यटकाची टोपी कालव्यात पडली, तो वाकून टोपीचाच फोटो काढत बसला, हे तिने खाटेवर उभं राहून करून दाखवलं. आणि हसली. तोंड उघडं, खांदे गदागदा, आवाज नाही. खोकलेबुवा असेच—

त्याच क्षणी खालून, फरशीखालून, तिचं हसू ऐकू आलं.

तिनेही ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खाली कुणाचा तरी रेडिओ आहे.

खरं सांगितलं तर मी जे करायचं म्हणतेय ते ती करू देणार नाही. मुक्या तोंडाने ती कुणाची तक्रार करणार नाही, तेवढा तरी धोका नाही.

२७ ऑक्टोबर

मी नाव घ्यायची गरज नाही. दुसऱ्या कुणी माझ्या आवाजाची तक्रार केली तरी चालेल, मग नुसत्या आवाजावर भागेल. दिवसभर थाळ्या आपटल्या. खाट ओढली. भर दुपारी जिन्यात उभी राहून वसतिगृहाचे नियम खड्या आवाजात म्हटले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. धाकटीला वाटलं मला वेड लागलं. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शिलाईवालीला विनवलं, सकाळी माझी तक्रार कर. तिने सुई दातात धरली आणि मान हलवली. म्हणाली, चालतंय की, बाई. बेकरीवालाही तेच. आपण काही सांगत नसतो, म्हणाला.

वसतिगृहातल्या मुलींनी माझ्याविरुद्धच्या तक्रारींनी कमिटीची कपाटं भरली होती. आज एक, फक्त एक मिळत नाही. मेणाची माणसं. त्यांच्या सहनशीलतेचा मला आयुष्यात इतका तिटकारा आला नव्हता.

२८ ऑक्टोबर

पुलापलीकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. घसा ठणठणीत. वेगळ्या गल्लीत एक जागाही पाहिली. उपयोग काय, आवाज इथे आहे.

२९ ऑक्टोबर

आज मालकिणीने धाकटीला विचारलं. काही त्रास?

धाकटीने मान हलवली, नाही. माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ताई आहे ना.

मूर्ख मुलगी.

३० ऑक्टोबर

परवा एक तारीख.

धाकटी झोपेत ओठ हलवते. पाठांतर.

मास्तरांचा कोट उतरवून झटकला. पुन्हा टांगला. माणूस नीटनेटका होता. चष्म्याबद्दल मी बोलले ते मागे घेते.

३१ ऑक्टोबर

धाकटीला पाव आणायला खाली पाठवलं. तिच्या उशीवर चिठ्ठी ठेवली. कुणी काही विचारलं तर काही नाही म्हणायचं. आजच्या आज बॅग उचलून पूल ओलांडायचा. गोंगाटात राहायचं. गाणं-बजावणं असेल तिथे खोली घ्यायची.

मालकीण आली. मी सांगितलं, त्रास आहे. तिने विचारलं, कोणाचा? म्हटलं, माझा. ती म्हणाली, आवाजाचा? स्वतःच्या तोंडाने घेतलं तर अर्ध्यावर भागत नाही, मास्तरांचंही भागलं नव्हतं. म्हटलं, सगळाच.

‘बरं. आता नाही होणार.’

वर्गात मागे बसणाऱ्या मुलीने शेवटी बरोबर उत्तर दिलं की मी जशी मान डोलवायचे, तशी तिने डोलवली. आगाऊ बाई.

साडीला इस्त्री करून खुंटीवर टांगली. चष्मा फळीवर, त्यांच्या चष्म्याशेजारी. विसरला नाही, ठेवला.

पेन कुरकुरत नाही. कालपर्यंत कुरकुरत होतं. खुर्चीही— उठून बसून पाहिलं. काही नाही.

टप.

नळ. टप. टप.

कुत्रा भुंकला. बेकरीवाला काहीतरी मोठ्याने— हसला?

भिंतीपलीकडे, त्या रिकाम्या खोलीत, खोकला. घ्या, खोका हवं तेवढं—

रस्त्यातून— ती. ताई. ताई गं, ऐकलंस का, ऐकलंस का— काय आवाज आहे मेलीचा. सगळी गल्ली डोक्यावर घेणार. घे.

जिन्यात आली. मोडक्या पायरीवर धडपडली, हसली.

हात दिसत नाही. पेन दिसतंय.

थांबली का— मालकीण. जिन्यात गाठलं तिला. विचारतेय.

चिठ्ठी इथे उशीवरच आहे. तिने वाचलेली नाही.

काही नाही म्हण. दोन शब्द. नुसते दोन शब्द गं— आयुष्यात हिने दोन शब्दांत कधी उत्तर—

बोलतेय. ‘त्रास तसा काही नाही हो, पण आमची ही ताई—